सड्यावरचा वारा, छपरावरचे ऊन

कोळशाची असो वा अणूची, औष्णिक वीज शेवटी वाफेवर चालते. जलविद्युत पाण्याच्या उतारावर आणि पवनविद्युत वाऱ्यावर. सौर पॅनेलमध्ये मात्र काहीच फिरत नाही, उन्हातून थेट प्रवाह मिळतो. पाणी, वारा आणि ऊन सिंधुदुर्गाला भरपूर लाभले आहे. तरी जिल्ह्यातला दिवा राज्याच्या जाळ्यातूनच पेटतो, आणि त्या जाळ्यात कोळसा अजून प्रमुख आहे.

जिल्ह्यातली सर्वांत भरवशाची वीज तिलारीची. घाटमाथ्यावर चंदगडच्या बाजूला अडवलेले पाणी दोडामार्ग तालुक्यात कोनाळकट्ट्याच्या वीजघरात उतरते आणि सुमारे 60 मेगावॅटचा एक संच फिरवते. कोयनेचे 1,960 मेगावॅट सह्याद्रीच्या याच उतारावर उभे आहेत. असा जलविद्युत संच काही मिनिटांत चालू होतो, म्हणून संध्याकाळच्या वाढत्या मागणीला तो उपयोगी पडतो.

पवनऊर्जेची राज्यातली सुरुवातीची चाचणीही इथलीच. देवगडजवळ जामसंडे येथे 1994 साली महाऊर्जा या राज्य सरकारी संस्थेने सुमारे दीड मेगावॅटचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. पुढे पवनचक्क्यांची मोठी वाढ झाली ती साताऱ्याकडे, वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर.

मोठ्या प्रकल्पांची गोष्ट वेगळी. जिल्ह्यातल्या गिर्ये येथे 4,000 मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प योजला होता. हापूसच्या बागायतदारांनी त्याला विरोध केला, आणि तो उभा राहिला नाही. जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे माडबनला 1,650 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या योजलेल्या आहेत. हापूसची बाग आणि मासेमारी हीच ज्यांची मिळकत, त्यांचा आक्षेप विकासाच्या आड येणारा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे.

2025 साली देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला. प्रत्यक्ष युनिटांत मात्र कोळसा अजून दोन-तृतीयांशाहून अधिक आहे. क्षमता आणि उत्पादन यांतले हे अंतर आकडे वाचताना विसरता कामा नये. एक किलोवॅटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देते. मृगापासून श्रावणापर्यंत ढगांमुळे हे उत्पादन बरेच घटते. त्याच महिन्यांत वारा जोरात असतो आणि धरणे भरतात, म्हणून हे तीन स्रोत एकमेकांना पूरक ठरतात.

पॅनेल कुठे बसवायची, हा खरा प्रश्न. कातळाचा सडा सरकारी कागदावर पडीक दिसतो, पण पावसात तिथे गुरे चरतात आणि रानफुले उमलतात. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर तर कातळशिल्पे आहेत. सडा झाकण्याआधी छपरे वापरावीत. 2024 च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. अडचणी खऱ्या आहेत: कौलारू उतार, माडांची सावली, खारा वारा. 2021 च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावर विजेचे खांब मोठ्या प्रमाणात कोसळले; सांगाडा गंजरोधक आणि वादळ सोसणारा नसेल तर पॅनेलचीही तीच गत होईल.

सौरविजेची सर्वांत मोठी संधी मासळीसाठी लागणाऱ्या बर्फाच्या कारखान्यांत आहे. भर दुपारी उन्हावर केलेला बर्फ पहाटेच्या होड्यांना चालतो. तिथे महाग बॅटरीची गरज कमी. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. म्हणजे ऊन सर्वांत कमी, त्याच काळात बर्फाची मागणीही कमी.