खोकला, भगत आणि सावकार
(संघटनेच्या शिबिरात आपल्या एका आरोग्य कार्यकर्त्याने केलेलं भाषण. बोलला तसंच उतरवून घेतलं आहे.)



सकाळपासून वनखात्याच्या नोटिसांवर बोलणं चाललंय. मी खोकल्यावर बोलणार आहे. जे बिडी ओढायला उठलेत त्यांनी तर बसाच. जमिनीच्या शिबिरात खोकला कशाला, तर सांगतो.

माझा थोरला भाऊ क्षयाने गेला. खोकला लागला तेव्हा भगत म्हणाला, बाहेरचं आहे. दोन कोंबडे गेले, एक बोकड गेला. मग बाजारातला सुईवाला डॉक्टर. दर आठवड्याला सुई, कधी बाटली. पैसे सावकाराचे. आता 1974 च्या कायद्याने आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. सावकाराला ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत. त्याने नावावर काही केलंच नाही, नुसतं भात नेत राहिला. चार पावसाळे. सातबारा आमचा, भात त्याचं. भाऊ गेला, कर्ज राहिलं. आणि ज्या गोळ्यांनी तो वाचला असता त्या सरकारी केंद्रात फुकट मिळत होत्या. हे आम्हाला तो गेल्यावर कळलं.

म्हणून सांगतो. क्षय करणीने होत नाही. 1882 साली जर्मनीत कॉख नावाच्या डॉक्टरने त्याचा जंतू दुर्बिणीखाली दाखवला. रोगी खोकतो, तेव्हा तो जंतू हवेत उडतो, दुसऱ्याच्या श्वासातून छातीत जातो. ताट-वाटीतून जात नाही, हात लावून जात नाही, आईबापाच्या रक्तातून येत नाही. बापाला होता म्हणून लेकाला झाला असं दिसतं खरं, पण ते एका झोपडीत, एका हवेत राहिल्यामुळे. जंतू शिरला म्हणजे प्रत्येकाला रोग होतोच असंही नाही. बहुतेकांच्या अंगात तो झोपून राहतो. उपाशी, थकलेल्या, दारूने पोखरलेल्या अंगात तो उठतो. दारूने क्षय होतो म्हणतात ते अर्धंच खरं. दारू न पिणाऱ्या बायांनाही होतो.

आपल्याकडे सुनेला खोकला लागला की माहेरी धाडतात, नाहीतर शेतावरच्या खोपीत एकटी ठेवतात. याबद्दल एक गोष्ट ऐका. 1956 साली मद्रासला डॉक्टरांनी गरीब वस्तीतले रोगी घेतले. अर्धे दवाखान्यात ठेवले, चांगलं जेवण, आराम. अर्धे घरीच, दाटीच्या खोलीत, मिळेल ते खाऊन. गोळ्या दोघांना त्याच, वर्षभर. वर्षाने पाहिलं तर दोन्हीकडचे जवळजवळ सारखेच बरे झाले. घरातल्या माणसांनाही रोगी घरी ठेवल्यामुळे जास्त लागण झाली नाही. तेव्हा खोपीत टाकायची गरज नाही. तोंडावर फडकं धरून खोकावं, इथंतिथं थुंकू नये, झोपडीत उजेड-वारा येऊ द्यावा. नेमाने गोळ्या सुरू झाल्या की बहुतेकांचा संसर्ग काही आठवड्यांतच खूप कमी होतो.

पण गोळ्या सहा महिने. इथंच आपण मार खातो. दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, माणूस म्हणतो, झालो बरा. सोडतो. जंतू मेलेले नसतात, उरलेले हट्टी होतात, मग साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत. दुसरं म्हणजे लघवी लाल होते. आमच्या पाड्यावर एकाने त्या भीतीने गोळ्या ओढ्यात टाकल्या, औषध रगत जाळतं म्हणून. अरे, तो गोळीचा रंग आहे! डोळे मात्र पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर लगेच केंद्रात जा.

आणि दिवाळीनंतर आपण वीटभट्टीवर जातो. तेव्हा कोणाला न सांगता जाऊ नका. केंद्रात कार्ड दाखवा, भट्टीचं गाव सांगा, तिथल्या केंद्रातून गोळ्या मिळायची चिठ्ठी मागा. मुकादम सुट्टी देत नाही म्हणाल, तर ते भांडण संघटना भांडेल.

भगताशी माझं वैर नाही. माझा मामाच भगत आहे. त्याला मी एवढंच म्हटलं, तू तुझं कर, पण पंधरा दिवसांवरचा खोकला आला की आधी बेडका तपासायला पाठव. आता पाठवतो. मागच्या पावसाळ्यात स्वतःच गेला, तीन महिने खोकत होता. क्षयच निघाला. त्याच्या गोळ्या पुऱ्या झाल्या, परवा नांगर धरत होता.

बेडका दोनदा द्यावा लागतो, एक तिथल्या तिथे, एक सकाळी उठल्याउठल्याचा. लाळ नको, छातीतून काढलेला पाहिजे. आमच्या केंद्रात दुर्बीण आहे, तपासणारा माणूस कधी असतो, कधी नसतो. बाया आठ मैल चालून येतात न् डबी घेऊन परत जातात. तो कोणत्या दिवशी बसतो ते दारावर लिहून लावा, अशी मागणी आपण अर्जात घातली आहे. अंगठे-सह्या मागच्या बाकावर चालू आहेत. ज्याच्या घरात पंधरा दिवसांवरचा खोकला आहे त्याने नाव मला सांगा, सोमवारी बाजाराच्या दिवशी सगळे मिळून जाऊ.