घरचे वेल्डिंग आणि पोलादाचा स्वभाव

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या वाडवडिलांनी पेण-रोह्याच्या खेडोपाडी भात्यावर नांगराचे फाळ व कोयते घडविले. आज त्याच पेण तालुक्यात डोलवीस पोलादाचा प्रचंड कारखाना उभा आहे, रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत आहे, आणि आपल्या तरुणांच्या पडवीत वेल्डिंगचे लहान यंत्र आले आहे. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु "नुसते जोडावयास धातुशास्त्र कशाला हवे?" असे ते विचारतात. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले निवृत्त शिक्षक. तरी याचे उत्तर आम्हांस स्वतःच्या चुकीने मिळाले आहे.

आमच्या झोपाळ्याचा आकडा झिजला, तेव्हा मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा घेऊन आम्ही घरीच नवा जोडला. काम दिसावयास सुबक झाले. तिसऱ्या दिवशी नातवंड झोपाळ्यावरून उतरून आत गेले, आणि मागोमाग आकडा तुटला. नवल हे की, जोड शाबूत होता. त्याच्या काठालगतचे पोलाद काचेसारखे मोडले होते.

याचे मर्म जुन्या लोहारास ठाऊक होते. साध्या मऊ लोखंडात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो. कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. असे पोलाद लाल तापवून पाण्यात बुडविले की कठीण, पण ठिसूळ होते. म्हणून कोयत्यास पाणी दिल्यावर लोहार तो पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा उतरवितो. वेल्डिंगमध्ये जोडालगतचा पट्टा लाल होतो आणि भोवतालचे थंड पोलाद त्याची उष्णता झपाट्याने ओढून घेते. म्हणजे पाण्यावाचूनच पाणी दिले जाते, उतरविले मात्र जात नाही. शिवाय कोकणच्या दमट हवेत कांडीवरील लेप ओलावा धरतो. त्यातील हायड्रोजन पोलादात शिरून काही तासांनी, कधी दिवसांनी, तडा पाडतो.

मग धातुशास्त्र किती हवे? खिडकीच्या गजांस फारसे नको. मऊ लोखंड पुष्कळ चुका पोटात घालते. धातू अनोळखी असेल तर मात्र तो ग्राइंडरवर धरून ठिणग्या पाहाव्या. लांब व तुरळक फुटणाऱ्या ठिणग्या मऊ लोखंडाच्या. फुलबाजीसारख्या दाट फुटणाऱ्या अधिक कार्बनच्या पोलादाच्या. तसले पोलाद जोडणे भागच पडले, तर ते आधी सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअस तापवावे, कमी हायड्रोजनच्या कोरड्या कांड्या वापराव्या आणि जोड कोरड्या राखेत पुरून सावकाश निवू द्यावा. जस्ताचा मुलामा खरवडल्यावाचून नळ जोडू नये. त्या धुराने ताप भरतो. आणि ज्यावर माणसाचा जीव टांगलेला आहे, ते घरी जोडूच नये.

आमच्या झोपाळ्यास आता घडीव आकडा आहे. तरुणांनी यंत्र अवश्य चालवावे. परंतु हाती येणाऱ्या धातूची जात आधी विचारावी, मगच ठिणगी पाडावी, एवढीच आमची विनंती आहे.