गोल जॉब, एकच पट्टी

फिक्स्चरमध्ये चार गोल शाफ्ट शेजारी ठेवले की एकाच आडव्या पट्टीने दाबायचा मोह होतोच. तो टाळा. व्यासात ०.१ मिलिमीटरचा फरक असला, तरी ९० अंशांच्या व्ही-ब्लॉकमध्ये शाफ्टचा माथा ०.१२ मिलिमीटर वर-खाली होतो. पट्टी जाड शाफ्टवर टेकते आणि बारीक शाफ्ट कटर लागताच फिरतो. त्यापेक्षा दोन-दोन जॉबना एक क्लॅम्प द्या. मधल्या बोल्टखाली स्फेरिकल वॉशरची जोडी घाला. पट्टी आपोआप कलून दोघांना सारखं दाबेल. काम मोठं असेल तर हायड्रॉलिक क्लॅम्पचा खर्च परवडतो. पातळ नळी मात्र क्लॅम्पखाली चेपते, तिला कॉलेटच बरा. आणि हो, कटरचा जोर व्ही-ब्लॉकवर येऊ द्या, क्लॅम्पवर नको.