वाद्य केवढें असावें?

धाराशिव जिल्ह्यांतील ढोकी हें लातूर-मिरज लोहमार्गावरील गांव, आणि मिरज म्हणजे सतारी-तंबोऱ्यांचें माहेर. तेथें तंबोरा घ्यावयाचा तर गाणारा पुरुष आहे कीं स्त्री, हें आधीं पाहावें लागतें. पुरुषांचा तंबोरा मोठा, स्त्रियांचा लहान. ही वाटणी आवाजाच्या पट्टीवरून झालेली आहे. परंतु गजानें वाजवावयाच्या वाद्याचें माप केवळ आवाजावरून ठरत नाहीं. तेथें वाजविणाराचा हातहि मोजावा लागतो. मुलासाठीं व्हायोलिन घेतांना पुष्कळ आईबाप हें विसरतात, आणि वाढत्या अंगाचा सदरा शिवावा तसें पूर्ण मापाचें वाद्य घरीं आणतात.

सतारीला पडदे असतात. व्हायोलिनला किंवा सारंगीला ते नसतात. स्वराची जागा बोटानेंच शोधावयाची. मोकळ्या तारेवर षड्ज धरला, तर शुद्ध रिषभ तारेच्या नवव्या हिश्शावर येतो. पूर्ण मापाच्या व्हायोलिनची तार सुमारें १३ इंच. म्हणजे हें अंतर दीड इंचाहून किंचित् कमी. चेलोची तार सुमारें २७ इंच. तेथें तेंच अंतर ३ इंच होतें. 'अर्ध्या' मापाचें व्हायोलिन नांवाप्रमाणें निम्में नसतें. त्याची तार सुमारें ११ इंच, आणि अंतर सव्वा इंचाच्या आंतबाहेर. हा फरक डोळ्यांस क्षुल्लक दिसतो. पण आठ वर्षांच्या मुलाच्या करंगळीला तो फार जाणवतो. बोट पोंचेना म्हणजे मनगट वांकडें होतें, स्वर उतरतो, आणि ऐकणारे म्हणतात, मुलाला कानच नाहीं!

मोठ्या माणसांनाहि हा नियम सुटलेला नाहीं. व्हायोलाचे स्वर व्हायोलिनपेक्षां एका पंचमानें खालचे. त्या हिशेबानें त्याचा देह व्हायोलिनच्या दीडपट, म्हणजे २१ इंच हवा. पण एवढें धूड खांद्यावर पेलणार कोण? म्हणून तो बहुधा १५ ते १७ इंचांचाच करतात, आणि त्याच्या आवाजांत जो किंचित् झांकलेला गोडवा असतो, तो पुष्कळसा या तडजोडीचा आहे.

आपल्याकडे मांडी घालून, व्हायोलिनचें टोंक उजव्या पायावर टेकवून वाजवितात. त्यामुळें वाद्याचा भार कमी होतो खरा, पण बोटांमधील अंतर कमी होत नाहीं. सारंगीची गोष्ट थोडी निराळी: ती मांडीवर उभी राहते, आणि नखांच्या मुळाशीं तार दाबून हात सरकवितां येतो.

तेव्हां गांवाहून वाद्य मागविण्यापूर्वीं घरींच एक परीक्षा करावी. मुलाचा डावा हात सरळ पसरून मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंतची लांबी मोजावी, व ती दुकानदारास कळवावी. वाद्य हनुवटीखालीं धरून हात पसरला असतां त्याच्या टोंकाभोंवतीं बोटें सहज वळलीं पाहिजेत. गजहि त्याच मापाचा असावा. नाहीं तर तो टोंकापर्यंत ओढतां येत नाहीं. लहान वाद्यावर आवाज कमी भरदार येईल. तो दोष पत्करावा. तंबोऱ्याच्या साथीनें कान तयार झाला, कीं पुढें मोठ्या वाद्यावरील नवीं अंतरें बोटें आपोआप शोधून घेतात. अंगापेक्षां बोंगा मोठा झाला, तर मात्र हात आणि हौस दोन्ही आंखडतात. लहान झालेलें वाद्य धाकट्या भावंडाच्या उपयोगीं पडतेंच.