उठून गेलेल्या गावाची जमीन

आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे, केळना नदीच्या काठी, प्राचीन भोगवर्धन नगरीच्या वस्तीचे जे थर आहेत, त्यांचे उत्खनन 1973 साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केले. त्या मातीतून हस्तिदंताची एक स्त्रीप्रतिमा निघाली, आणि पॉम्पेईच्या अवशेषांत सापडलेल्या प्रतिमेशी तिचे साम्य पाहून विद्वानांनी सातवाहनकालीन व्यापाराचे धागे थेट रोमन साम्राज्याशी जुळविले. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक होते, हे तेथील लेखच सांगतात. या गोष्टी अभिमानाच्या खऱ्याच; परंतु माझा आजचा विषय त्या प्रतिमेला इतकी शतके पोटात ठेवणारी माती हा आहे.

मराठवाड्यातील शेतकरी गावाच्या जमिनीची वाटणी दोन नावांनी करीत आला आहे : पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, गोठ्यातले शेण, पडलेल्या भिंतींचा चिखल आणि उकिरड्यांवर कुजलेला केरकचरा मिळून ही पांढरी तयार होते. गाव उठून गेले तरी ती उरते, आणि सरकारी दप्तरात त्या मौजाची नोंद 'बेचिराख' अशी झाली की आजूबाजूचे लोक गाड्या जुंपून तेथे येऊ लागतात. कोणी ती माती खत म्हणून शेतात पसरतो, कोणी माळवदावर घालतो, कारण पाणी सहसा झिरपू न देण्याचा तिचा गुण सर्वांना ठाऊक असतो. पुरातत्त्वज्ञ यावर हळहळतात. पण जागेला धनीच उरला नाही, तर त्या बापड्या गाडीवानाने परवानगी मागावी तरी कोणाची?

माळवदावरची हीच माती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपात, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, तेरणेच्या खोऱ्यातील हजारो निजलेल्या माणसांच्या अंगावर कोसळली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे उशिरा निजली होती. दगडांच्या जाड भिंती, त्यांच्या पोटात नुसत्या चिखलाचा भराव, वर लाकडी तुळया, आणि त्यांवर वर्षानुवर्षे मातीचे नवे थर चढत गेलेले माळवद : उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी ही रचना पूर्वजांनी शहाणपणाने उभी केली होती, परंतु जमीन आडवी हलू लागली की तो सारा भार कोठे जाईल, याचा विचार करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलेला नव्हता. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, पेठसांगवी ही नावे त्या एका पहाटेने सबंध देशाला ठाऊक करून दिली. मृतांची सरकारी संख्या 7,928 आहे.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र शासनाने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम आखला, त्याच्या भव्यतेविषयी दुमत होण्याचे कारण नाही. अत्यंत उद्ध्वस्त झालेली 52 गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसविण्यात आली. रुंद रस्ते आखले गेले, शाळा, समाजमंदिरे आणि पंचायतीच्या इमारती बांधल्या गेल्या, अनेक दानशूर संस्थांनी एकेक गाव अंगावर घेतले, आणि गावकऱ्यांशी सल्लामसलत करण्याचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे देण्यात आले. ज्या गावांतील घरे जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करावयाची होती, तेथे गावातल्याच स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्याची जी पद्धत पडली, ती माझ्या मते या सबंध कार्यक्रमातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. स्थलांतरित गावांत मात्र घराचे आकारमान खातेदाराच्या जमिनीवरून ठरविले गेले : भूमिहीन आणि अल्पभूधारकांस 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास 450, मोठ्यास 750. नकाशे नीटनेटके होते. फक्त जुन्या वाड्यात माणसांच्या सोबतीने राहणाऱ्या म्हशीला आणि बैलजोडीला त्यांत जागा मिळाली नाही, कारण त्यांना कोणी विचारले नव्हते.

नव्या गावाचा असा इंच-इंच विचार झाला; जुन्या गावठाणाच्या वाट्याला तो आला नाही. त्या जागेवर ढिगारे होते, आणि ढिगाऱ्यांतून कामाचे लाकूड व दगड उचलले गेल्यावर जे उरले, त्यावर बाभळी वाढू लागल्या. जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभ उभारला गेला, तेथे दरवर्षी 30 सप्टेंबरला श्रद्धांजली वाहिली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु स्मृतिस्तंभाला जागा लागते ती काही गुंठ्यांची. एवढ्या गावांची गावठाणे मिळून जी जमीन होते, तिचे काय करावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. शिवाय नवी गावे वसविण्यास जी जमीन संपादन करावी लागली, ती शेतकऱ्यांची पिकती जमीन होती. म्हणजे काळीची पांढरी झाली. त्याच्या बदल्यात पांढरीची काळी करून घ्यावी, असा हिशेब कागदावर सहज मांडता येतो. पण ज्याने अशा जागेवर नांगर घालून पाहिला असेल, त्याला विचारावे. पायाचे धोंडे फाळाला अडतात, धान्य साठविण्याची जुनी पेवे पायाखाली खचतात, पडक्या आडांचे तोंड गवताखाली दिसत नाही. आणि ज्या जागी आपली माणसे गेली, तेथे नांगर धरण्यास हात धजावेल, असेही प्रत्येकाच्या बाबतीत म्हणता येणार नाही.

दूरच्या न्यूझीलंड देशात कायापोई नावाचे एक लहानसे नदीकाठचे नगर आहे. 4 सप्टेंबर 2010 च्या भूकंपात तेथील नदीकाठची वाळूमिश्रित जमीन पाण्यासारखी पातळ होऊन नदीच्या दिशेने सरकली, घरे वाकडी झाली, आणि तेथील सरकारने या जमिनीवर पुन्हा घरे बांधणे परवडणारे नाही असे ठरवून भूकंपापूर्वीच्या मूल्यांकनाप्रमाणे मोबदला देऊन ती घरे विकत घेण्याची तयारी दाखविली. मोकळी झालेली जमीन, आसपासच्या वस्त्या धरून, सुमारे 100 हेक्टर भरली. तिचे काय करावे, हे लोकांना विचारण्यात आले, त्यांच्या सूचना मागविल्या गेल्या, मसुद्यावर पुन्हा हरकती घेतल्या गेल्या, आणि 2016 च्या अखेरीस आराखडा मंजूर झाला. त्यात खेळाची मैदाने आली, व्यापाराकरिता काही भाग राखला गेला, काही जमीन शेतीसाठी ठेवली गेली, तेथील मूळ माओरी समाजाच्या अन्नसंचयाच्या परंपरेला स्वतंत्र जागा मिळाली, आणि गावकऱ्यांनीच लावलेले व कोणीही येऊन फळे तोडावीत असे एक फळझाडांचे वनही उभे राहिले. तेथील सुबत्ता आपल्यापाशी नाही, आणि त्यांचे आराखडे उचलून आणण्यात अर्थ नाही. पण जागा सोडून गेलेल्या माणसांचा त्या जागेवरील बोलण्याचा हक्क संपत नाही, एवढे तत्त्व उचलण्यास पैसा लागत नाही.

आपल्याकडे असे विचारले गेले, तर उत्तरे काय येतील, याचा अंदाज करणे अवघड नाही. चिंच, लिंब आणि वड ही जुनी झाडे बहुधा उभी असतात. त्यांच्या भोवती चिंचेची व सीताफळाची लागवड करून फळांचा लिलाव पंचायतीने करावा, असे कोणी म्हणेल. कोणी वैरणीचे कुरण मागेल, आणि गायराने अतिक्रमणांनी आटत चाललेल्या काळात ती मागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. आड उपसून स्वच्छ करावे, देवळाकडे आणि दर्ग्याकडे जाणारी वाट मोकळी ठेवावी, यावर सहसा वाद होणार नाही. वाद होईल तो वेगळ्याच गोष्टीवरून. ज्याच्या नावे शेत आहे, त्याला जुन्या घराची जागा गेल्याचे दुःख असले तरी उभे राहण्यास शेत असते. भूमिहीन मजुराला, गावकुसाबाहेर ज्याची वस्ती होती त्याला, त्या पडलेल्या घराखालचा तुकडा हीच काय ती आयुष्यातली जमीन. नव्या गावात त्याला सर्वांत लहान घर मिळाले. तेव्हा जुन्या गावठाणाचा विनियोग ठरविताना पहिला शब्द त्याचा असावा, आणि लागवडीचे तुकडे द्यावयाचे झाल्यास ते प्रथम अशा कुटुंबांच्या नावे, शक्यतो त्यांतील स्त्रीच्या नावे, लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सातबाऱ्यावर ज्याच्या नावे अधिक एकर, त्याचा आवाज मोठा, हा नियम एकदा घरांच्या बाबतीत चालून गेला. दुसऱ्यांदा चालू देऊ नये.

जालना जिल्ह्यातील गाव भूकंपाने उठले नाही, म्हणून हा विषय आपला नव्हे, असे कोणी समजू नये. निम्न दुधना प्रकल्पाच्या पाण्याने परतूर तालुक्यातील लोकांनाही जुनी घरे सोडावयास लावली आहेत. गोदावरीच्या पुराचा फटका अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील काठच्या वस्त्यांना ठाऊक आहे. आणि जवळच्या हिंगोली जिल्ह्यात 2024 च्या मार्च व जुलै महिन्यांत जे धक्के बसले, त्यांनी मराठवाड्याची जमीन अगदी स्वस्थ नसल्याची आठवण करून दिली आहे. हे काम लोकांच्या हातून होईल का, अशी शंका घेणाऱ्यांस मी घाणेवाडी तलावाकडे बोट दाखवीन : त्याचा गाळ जालन्याच्या नागरिकांनी पुढाकार घेऊन काढला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन टाकला.

म्हणून ज्या ज्या गावाने आपली जुनी जागा सोडली आहे, त्या गावच्या श्रोत्यांना माझी विनंती आहे की, येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. मोजणी खात्याकडे जुन्या गावठाणाचा नकाशा असल्यास त्याची नक्कल मिळवावी. नसल्यास म्हाताऱ्या माणसांना प्रत्यक्ष जागेवर नेऊन कोणाचे घर कोठे होते, आड कोठे होता, कोणाची वहिवाट कोठून होती, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे, कारण हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्याकरिता वरच्या कोणत्याही कचेरीच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामसभेचा एक ठराव, एक वही आणि दोन लिहिणारी मुले एवढ्यावर हे काम सुरू करता येते.