आमचे फोटो, आमची नावं



आमच्या वस्तीचे फोटो पेपरात येतात ते पूर आला किंवा अत्याचार झाला तरच. खाली कुणाचं नाव नसतं. म्हणून मी स्वतः काढलेल्या फोटोंची १६ पानांची पुस्तिका छापली. मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत लागतात. अभ्यासिकेतल्या पोरी, शिलाई मशीनवरची आई, ढोलकीवाले मामा. प्रत्येकाला विचारून खाली पूर्ण नाव टाकलं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ती पुस्तकांशेजारी मांडली.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवायची असते. मीही पाठवली. उद्या कुणी आम्हाला शोधलं, तर आम्ही नावानिशी सापडू.

तुमच्या मोबाईलमधले फोटोही कागदावर उतरवा.

जय भीम!