आधी पाणी, मग बाकी सगळं
(प्रभागसंघाच्या मार्च महिन्याच्या सभेत केलेले भाषण)



आज हप्त्याचं काही बोलणार नाही. आज माझा हा हात बघा. मनगटावरचा हा डाग मी तिसरीत असतानाचा आहे. आई कुरडयांचा चीक शिजवत होती, मी मध्येच हात घातला. आजीनं घाईघाईनं टूथपेस्ट फासली. तिची माया खोटी नव्हती. पण दवाखान्यात सिस्टरला ती पेस्ट जखमेवरून पुसून काढावी लागली. भाजण्यापेक्षा ते जास्त दुखलं.

आता घरोघरी कुरडया-पापड सुरू होतील. म्हणून एवढंच लक्षात ठेवा: भाजलं की आधी पाणी. साधं थंड पाणी, 20 मिनिटं. नळ नसेल तर तांब्यानं ओता, टंचाई असेल तर हात बादलीत बुडवून ठेवा. चटका बसला की त्वचेच्या आत उष्णता उतरत राहते, तिला पाणीच थांबवतं. हळद, तेल, तूप, शाई, पेस्ट, बर्फ यातलं काही नको. बांगड्या, अंगठी लगेच काढा, नंतर सूज येते. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. मग धुतलेल्या सुती कापडानं सैल झाका. लहान लेकरू जास्त भाजलं असेल तर पाणी भाजलेल्या जागेवरच घाला, बाकीचं अंग चादरीत गुंडाळा आणि 108 ला फोन करा. चेहरा, हात, सांधे किंवा नाजूक जागा भाजली असेल, किंवा भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल, तर दवाखाना टाळायचा नाही.

पदरानं पेट घेतला तर पळू नका, पळाल्यानं आग वाढते. जमिनीवर पडा आणि लोळा. जवळच्या बाईनं जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून आग दाबावी.

दुसरं, वीज. शॉक लागलेल्या माणसाला आपण धावत जाऊन धरतो. तिथंच एकाचे दोन होतात. आधी बटण किंवा मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा. पण खांबावरची तार तुटून पडली असेल तर लाकूडही नको. लांब थांबा, इतरांनाही थांबवा आणि 1912 ला कळवा. माणूस सुटल्यावर श्वास बघा. श्वास नसेल तर एकीनं 108 लावावा, दुसरीनं छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहावं, मिनिटाला 100 ते 120 वेळा. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्या. वरून डाग छोटा दिसतो, आत इजा मोठी असू शकते. आणि प्लग काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी भरायचं नाही, बरं का!

तिसरं, ऊन. चक्कर, मळमळ, पायात गोळे आले की सावलीत बसा, एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट मिसळून थोडं थोडं प्या. पण अंग तापलंय आणि माणूस बडबडतोय किंवा बेशुद्ध आहे, तर तो उष्माघात आहे. तोंडात पाणी घालू नका, ठसक्यानं ते फुफ्फुसात जातं. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 लावा.

एक मनातलं बोलते. आपण बायका भाजलं की लपवतो. लोक काय विचारतील, पैसे कुठून आणायचे, म्हणून दोन-दोन दिवस अंगावर काढतो. ताई, गटाचा पैसा अशा वेळेसाठीच असतो. तातडीच्या कर्जाचा ठराव प्रत्येक गटानं याच महिन्यात करून ठेवा.

पुढच्या सभेत मी विचारणार आहे. भाजलं तर आधी काय? पाणी! शॉक लागला तर? बटण! ऊन लागलं तर? सावली! सगळ्यांनी एका आवाजात सांगायचं. आणि आज घरी गेल्यावर सासूबाईंना, लेकरांनाही सांगायचं.